धंदा टाळण्याची पदवी

बारावीचा निकाल लागल्यावर मुलानं ‘मला धंदा करायचाय’ असं जाहीर केलं, तर मध्यमवर्गीय मराठी घरात आधी सगळे गप्प होतात, मग आत्याला फोन जातो, आणि रविवारी कुठल्यातरी काकांच्या बुडालेल्या इमूपालनाची गोष्ट मुलाला पहिल्यापासून ऐकवली जाते. असे काका प्रत्येक घराण्यात एक तरी असतातच. कुणाचं इमूपालन, कुणाची पोल्ट्री, कुणाचा एसटीडी बूथ. त्याच मुलानं ‘मला बिझनेस मॅनेजमेंट करायचंय’ असं म्हटलं, तर त्याच घरात संध्याकाळी पेढे येतात आणि इमूवाल्या काकांनाही ते आग्रहानं भरवले जातात. घरच्यांचा यात काही गोंधळ होत नाही. बीएमएस किंवा बीबीए केलं की मुलगा धंदा शिकेल, हा गैरसमज शेजाऱ्यांचा आणि कधी कधी प्राध्यापकांचा असतो. पालकांना मात्र पक्कं ठाऊक असतं की तो आता धंदा करणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की पालकांचं बरोबर आहे. तरुण माणसाला धंद्यापासून सुखरूप लांब ठेवण्याची इतकी सभ्य, इतकी खर्चिक आणि इतकी यशस्वी योजना दुसरी नाही. हा टोमणा समजू नये. गर्भसंस्कारापासून पेन्शनपर्यंत सुरक्षिततेचाच विचार करणाऱ्या समाजानं आपल्या गरजेची पदवी नेमकी हेरली, याचं हे कौतुक आहे.

पुरावा अभ्यासक्रमातच आहे. या पदवीत पहिल्या वर्षापासून ज्यांची नावं घोकावी लागतात त्यांत पहिला मान हेन्री फेयॉल यांचा. व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं त्यांनी १९१६ मध्ये मांडली, आणि तेव्हापासून ती दर परीक्षेत कुठे ना कुठे विचारली जातात. हे फेयॉल कोण? तर फ्रान्समधल्या एका खाण कंपनीत १८६० साली इंजिनिअर म्हणून चिकटलेले आणि १९१८ मध्ये त्याच कंपनीच्या सर्वोच्च खुर्चीवरून उतरलेले गृहस्थ. एक कंपनी, ५८ वर्षं. एवढी सेवा आपल्याकडे महसूल खात्यातही कुणाला साधलेली नाही. त्यांच्या चौदा तत्त्वांमधलं बारावं तत्त्व नोकरीच्या स्थैर्याचं आहे आणि तेरावं पुढाकाराचं. आधी नोकरी पक्की, मग काय तो पुढाकार. हा क्रम वाचून कुठल्याही निवृत्त तहसीलदाराचे डोळे पाणावतील. दुसरे आराध्य फ्रेडरिक टेलर. बेथलेहेम स्टीलच्या आवारात मजूर दिवसाला साडेबारा टन लोखंड वाहायचा, तो शास्त्रशुद्ध देखरेखीखाली साडेसत्तेचाळीस टन वाहू लागला, असं त्यांनी १९११ च्या पुस्तकात सांगितलं. १९०१ मध्ये त्याच कंपनीतून खुद्द टेलरनाच बाहेर पडावं लागलं होतं, हे सांगावंसं मात्र गाइडवाल्यांना सहसा वाटत नाही. पुढे ड्रकर येतात, ते सल्लागार; कोटलर येतात, ते प्राध्यापक. मॅस्लो येतात, ते मानसशास्त्रज्ञ. त्यांनी १९४३ मध्ये मांडलेली गरजांची उतरंड पिरॅमिडच्या आकारात काढावी लागते. तो पिरॅमिड मॅस्लोंनी स्वतः कधी काढला नव्हता, पण आकृतीला वेगळे मार्क असतात. त्या पिरॅमिडच्या दुसऱ्या पायरीवर सुरक्षितता आहे आणि मराठी पालक तिथेच सतरंजी अंथरून बसलेले आहेत. वरच्या तीन पायऱ्या मुलानं परीक्षेपुरत्या पाठ कराव्यात, एवढीच त्यांची अपेक्षा असते. एकूणात, तीन वर्षं ज्या पुरुषोत्तमांची पूजा चालते ते बहुतेक सगळे पगारदार, मानधनदार किंवा पुस्तकांच्या रॉयल्टीवर राहणारे आहेत. स्वतःच्या पैशानं माल भरून तो खपेल का या काळजीनं रात्री जागणारा माणूस तिथे औषधाला सापडत नाही.

आता अभ्यासक्रमात काय नाही ते पाहू. त्यात उधारी नाही. म्हणजे अकाउंट्सच्या पेपरात ‘डेटर्स’ असतात आणि प्रश्नाच्या शेवटी ‘पाच टक्के बुडीत कर्जाची तरतूद करा’ अशी सूचनाही असते. ती तरतूद केली की ताळेबंद जुळतो, दोन्ही बाजूंची बेरीज सारखी येते आणि विद्यार्थी पेनाचं टोपण लावतो. बाजारात ‘पार्टी’ मोबाइल उचलत नाही, उचलला तर ‘मार्च एंडिंग आहे, नंतर बघू’ म्हणते, मार्च संपल्यावर साहेब गावाला गेलेले असतात, आणि या सगळ्यात आवाज न चढवता, ओळख न तोडता, चौथ्या चहानंतर निम्मे पैसे कसे सोडवायचे याला कुठल्याही सत्रात एकही श्रेयांक नाही. गाळ्याचं डिपॉझिट किती, ‘पागडी’चा विषय कोण आणि कधी काढतो, गुमास्ता परवाना काढताना कुठला कागद नेमका राहतो, दिवाळीच्या आधी आठ दिवस कारागीर गावी का जातो, हेही नाही. एक तांत्रिक उत्तर असं दिलं जातं की विद्यापीठानं तत्त्व शिकवायचं, तपशील माणूस अनुभवानं शिकतो. मला हे पटतंही. फक्त मग प्रश्न उरतो तो एवढाच की अनुभव घ्यायला निघालेल्या माणसाच्या हातात तत्त्व म्हणून खाण कंपनीच्या नोकरशाहीची घडण का दिली जाते. हजारो माणसं, साहेबावर साहेब, प्रत्येकाला एकच वरिष्ठ, हुकमाची साखळी अखंड. नवा धंदा करणाऱ्याच्या हाताखाली बहुधा एक पोरगा असतो, आणि तोही न सांगता दोन दिवस दांडी मारतो.

‘अहो, पण उद्योजकतेचा स्वतंत्र पेपर आहे!’ असा आक्षेप इथे येणारच, आणि तो खराही आहे. पेपर आहे, त्याचं पुस्तक आहे, काही कॉलेजांत इन्क्युबेशन सेंटर नावाची वातानुकूलित खोलीही आहे. पण त्या पेपरात विचारतात काय? ‘यशस्वी उद्योजकाचे गुण स्पष्ट करा.’ त्याचं उत्तर ठरलेलं: जोखीम पत्करण्याची तयारी, नावीन्याची ओढ, नेतृत्व, चिकाटी. आता यात पूर्ण मार्क कोणाला पडतात ते पाहा. ज्यानं कसलीही जोखीम पत्करली नाही, नवं काही लिहिलं नाही, पुढच्या बाकावरच्याचं नेतृत्व मुकाट्यानं मान्य केलं आणि मुद्दे गाइडच्याच क्रमानं मांडले, त्याला. ज्याला जोखमीची खरोखर हौस आहे, तो दोन धडे ऑप्शनला टाकून जातो आणि त्याला केटी लागते, म्हणजे विषय राहतो. उद्योजकाच्या गुणांची परीक्षा घेऊन उद्योजकालाच वेचून बाजूला काढणारं हे यंत्र टेलरसाहेबांनाही आवडलं असतं. काही जण पुढे असंही म्हणतात की परीक्षेवर जाऊ नका, प्रात्यक्षिक बघा. बघू या. प्रात्यक्षिकात पहिली येते आय.व्ही., म्हणजे औद्योगिक भेट. मुंबईतल्या कॉलेजांना औद्योगिक भेटीसाठी ठाणे-बेलापूर पट्टा हाताशी आहे, भिवंडीची गोदामं आहेत, धारावी तर लोकल ट्रेनच्या अंतरावर आहे. तरी भेटीचा ओढा असतो मनालीकडे. सात दिवसांतले सहा दिवस बर्फ, आणि एक दुपार एखाद्या ज्यूसच्या किंवा शालींच्या कारखान्यात, जिथे काचेपलीकडून यंत्र दाखवतात आणि शेवटी फुकट पाकीट मिळतं. उद्योगाविषयी यातून काय कळतं, हे विचारणं असभ्यपणाचं आहे. पण त्या सहलीचं पॅकेज विकणाऱ्या टूरवाल्याला उद्योगाविषयी बरंच कळतं, एवढं नक्की.

दुसरं प्रात्यक्षिक ब्लॅक बुक. शेवटच्या सत्रात प्रत्येकानं संशोधन करून प्रकल्प लिहायचा आणि तो काळ्या पुठ्ठ्यात, सोनेरी अक्षरांत बांधून सादर करायचा. विषय ‘ग्राहकांच्या समाधानाचा अभ्यास, विशेष संदर्भ अमुक’ या धाटणीचे. गूगल फॉर्म वर्गाच्याच ग्रुपवर फिरतो, वर्गातलेच सगळे एकमेकांचे ग्राहक होतात, आणि निष्कर्ष निघतो की बहुसंख्य ग्राहक समाधानी आहेत. मुंबईच्या डबेवाल्यांवर दरवर्षी अशी किती पुस्तकं बांधली जात असतील याचा हिशेब कुणी ठेवत नाही. हार्वर्डनं त्यांच्यावर २०१० मध्ये केस स्टडी लिहिली, म्हटल्यावर आपणही लिहायला हरकत नाही. चर्चगेट स्टेशनाबाहेर जाऊन डबेवाल्याला दोन प्रश्न विचारण्यापेक्षा हार्वर्डनं काय लिहिलंय ते बघणं सोपं पडतं. शिवाय दुपारच्या वेळी डबेवाला बोलायला थांबत नाही, त्याला काम असतं. या सगळ्यात धंदा होतच नाही असं कसं म्हणू? कॉलेजच्या गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तो अखंड चालू असतो. पेपरच्या आदल्या संध्याकाळी कुठल्या विषयाच्या नोट्सना मागणी येणार हे तिथल्या माणसाला विद्यार्थ्यांच्या आधी कळतं. ब्लॅक बुकच्या हंगामात बाइंडिंगचा दर वाढतो, ‘अर्जंट’चा वेगळा असतो, आणि सोनेरी अक्षरांत मार्गदर्शक प्राध्यापकाचं नाव चुकलं तर पुन्हा पैसे पडतात. मागणीचा अंदाज, हंगामी दर, ग्राहकाची नड आणि दुकानाची जागा हे सगळे धडे रस्त्याच्या एका बाजूला घडतात आणि दुसऱ्या बाजूला लिहिले जातात. तीन वर्षं मधला रस्ता ओलांडून जाणारा विद्यार्थी प्रत्येक खेपेला ग्राहक म्हणूनच जातो.

प्रामाणिकपणे एक अपवाद मान्य करायला हवा: कॉलेज फेस्ट. त्यात चेअरपर्सन असतो, व्हाइस चेअरपर्सन असतो, प्रत्येक विभागाचा ‘एचओडी’ असतो, आणि हुकूम पाळायला फक्त पहिल्या वर्षाची दोन पोरं असतात जी खुर्च्या वाहतात. इथवर फेयॉलच. पण मार्केटिंगच्या टीमला खरोखरच बाहेर पडावं लागतं. भर उन्हात दुकानादुकानांतून प्रायोजक शोधत हिंडायचं, चाळीस ठिकाणी नकार घ्यायचा आणि एकेचाळिसाव्या ठिकाणी केकच्या दुकानाकडून रोख पैशांऐवजी सवलतीची कुपनं घेऊन परतायचं, हे शिक्षण अस्सल आहे. ज्याला ते जमतं तो पुढे काहीही विकू शकतो. या मुलाची हजेरी मात्र पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली जाते, डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागतं आणि पालकांना बोलावून घेतलं जातं. व्यवस्थेच्या बाजूनं पाहिलं तर हे योग्यच आहे. एखादा निसटू लागला तर वेळीच पकडायला नको?

आणि तरी कुणी म्हणेल की या पदवीच्या आसपास धंद्याची खरी जाणच नाही, तर मी २०२४ कडे बोट दाखवीन. त्या वर्षीपासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्या प्रवेशासाठी सीईटी सुरू झाली. ज्या पदवीला तोवर बारावीच्या गुणपत्रिकेवर सहज जाता येत होतं, तिच्यासाठी अचानक परीक्षा. गिऱ्हाईक बिचकलं. परीक्षेला बसणारे इतके कमी निघाले की त्याच वर्षी दुसऱ्यांदा सीईटी घेण्याची पाळी आली. कागदी व्यवस्थापनशास्त्रानं अशा वेळी समिती नेमली असती. अनेक कॉलेजांनी तसलं काही केलं नाही. त्यांनी पाटी बदलली. कालचा बीएमएस आज ‘बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)’ झाला. कॉमर्सची पदवी एआयसीटीईच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे सीईटी नाही, परवानगीची कटकट नाही. वर्ग तेच, बाकं तीच, प्राध्यापक तेच, फेयॉल तर तेच ते. माल जुना, वेष्टन नवं, आणि गल्ला चालू. नियम बदलल्यावर एका हंगामात असं वळण घेणं याला मी या क्षेत्रातला सर्वांत झणझणीत उद्योजकीय निर्णय मानतो, आणि यात मला यत्किंचितही उपरोध करायचा नाही. मुळात बीएमएससारखे अभ्यासक्रम विनाअनुदानित तत्त्वावर काढणं हीच एक जाण होती: त्याच इमारतीत अनुदानित बी.कॉम. काही हजारांत मिळत असताना शेजारच्या खोलीत ‘मॅनेजमेंट’ या एका शब्दासाठी त्याच्या कितीतरी पट फी मोजायला लोक तयार होतील, हे कुणीतरी ओळखलं. कोटलरांच्या जाडजूड पुस्तकातला बराच भाग या एका निर्णयात उतरलेला आहे. दुर्दैव एवढंच की विद्यार्थ्याच्या हाती त्यातली फक्त फीची पावती येते.

इतिहासात डोकावलं तर हा प्रकार नवा नाही असं दिसतं. पदवीच्या पातळीवर बिझनेस शिकवणारी जगातली पहिली नामांकित शाळा म्हणजे फिलाडेल्फियाचं व्हॉर्टन, स्थापना १८८१. ती काढणाऱ्या जोसेफ व्हॉर्टन या कारखानदाराच्या डोळ्यांसमोर सुखवस्तू घरांतले तरुण होते, ज्यांच्याकडे पुढे संपत्ती आणि कारभार येणार होता. म्हणजे औषध तयार झालं ते वारसदारांसाठी. आपल्याकडे ते ज्यांना दिलं जातं त्यांच्या वारशात एक वन-बीएचके आणि एलआयसीच्या दोन पॉलिसी असतात. तेव्हा गुण वेगळा येणारच. मुंबईत १९१३ मध्ये सिडनहॅम कॉलेज निघालं, आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज म्हणून त्याची ख्याती आहे. तिथे १९१८ ते १९२० या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्याच्या थोडं आधी, कोलंबियात शिकून आलेल्या या विद्वानानं शेअर आणि गुंतवणुकीचा सल्ला देणारी पेढी मुंबईत सुरू केली होती. जात कळल्यावर गिऱ्हाइकं यायची थांबली आणि पेढी बंद पडली, असं त्यांचे चरित्रकार नोंदवतात. इथे विनोद थांबतो. माझ्या युक्तिवादावरचा सर्वांत वजनदार आक्षेपही इथेच आहे: बाजार सगळ्यांना सारखा उघडा कधीच नव्हता, आणि ज्याला गल्ल्याच्या जवळ येऊ दिलं नाही त्याच्या दृष्टीनं पदवी आणि नोकरी ही पळवाट नसून हक्काची वाट होती. हे मला मान्य आहे. माझा रोख त्या घरांकडे आहे ज्यांना बाजारानं कधी अडवलं नाही आणि जी स्वतःच होऊन उंबऱ्याआत थांबली.

आणखी एक आक्षेप. मुळजी जेठा मार्केटात ज्यांचं दुकान आहे त्यांची मुलंही हीच पदवी घेतात आणि नंतर बिनदिक्कत दुकानावर बसतात. मग पदवी धंदा टाळायला लावते हे कसं? उत्तर सोपं आहे: ती मुलं कॉलेजात धंदा शिकायला येतच नाहीत, तो संध्याकाळी घरी शिकतात. वडील फोनवर भाव करतात तो ऐकत जेवणं, हे त्यांचं ट्यूशन. पदवी त्यांच्यासाठी लग्नाच्या बायोडेटातली एक ओळ आणि फेस्टमध्ये नाचायची तीन वर्षं. तोच अभ्यासक्रम, तीच केटी. ज्याच्या मागे दुकान आहे तो तीन वर्षं धंद्यापासून लांब राहतो. ज्याच्या मागे नाही, तो कायमचा.

राहता राहिला नोकरीचा मुद्दा. नोकरी वाईट आहे का? मुळीच नाही, देश नोकरदारांवर चालतो आणि हा लेखही पगाराच्या दिवसाकडे डोळे लावून बसणारेच वाचणार. फक्त गंमत अशी की तीन वर्षं हुकूम कसे द्यावेत याचं शिक्षण घेतलेल्याला पहिली नोकरी लागते ती ‘बिझनेस डेव्हलपमेंट एक्झिक्युटिव्ह’ म्हणून, म्हणजे अनोळखी माणसांना दिवसभर फोन लावण्याची. इथे लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण अपरिहार्य आहे. ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले, रंगांच्या छटा नीट ओळखता येत नाहीत असं निघालं, म्हणून यांत्रिक रेखाटनाकडे वळले, पुढे व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. तिथे बढतीत डावललं गेल्यावर नोकरी सोडली, बेळगावात सायकलींचं दुकान टाकलं आणि मग लोखंडी नांगर घडवला. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी तेव्हाच्या शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. हीच केस आजच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला दिली तर तो चार चौकोनांचा स्वॉट तक्ता काढेल, ‘वीकनेस’मध्ये रंगांधळेपणा लिहील, ‘थ्रेट’मध्ये शेतकरी, आणि शेवटच्या स्लाइडवर शिफारस करील की व्हीजेटीआयची नोकरी सोडू नये, पुढच्या वर्षीच्या बढतीची वाट पाहावी. प्राध्यापक त्याला दहापैकी आठ देतील.

नव्या शैक्षणिक धोरणानं आता ही योजना आणखी पक्की केली आहे. तीन वर्षांवर पदवी, पण चौथ्या वर्षाला ऑनर्सचा मान. शिवाय ‘ऑन जॉब ट्रेनिंग’, ज्याला पोरं ओजेटी म्हणतात, आता श्रेयांकांसह आलं आहे; ‘ऑन दुकान ट्रेनिंग’ची मागणी अजून कुणी केलेली नाही. चार वर्षांत मुलगा बावीसचा होतो, आणि इमूवाल्या काकांची गोष्ट त्याला पाठ झालेली असते. एवढं होऊनही एखाद्याच्या डोक्यातून धंद्याचं खूळ गेलं नाहीच, तर त्याच्यासाठी एमबीए आहे. ते कर्ज काढून करायचं असतं, आणि शिकून झाल्यावर कर्जाचा हप्ता सुरू झाला की दर महिन्याच्या पाच तारखेला पगार जमा होणं बंधनकारक होतं. मग आत्याला फोन करायची गरज उरत नाही.